केम्मु म्हणजे खोकला

कन्नडात खोलीला कोठडी म्हणतात.
पाच वर्षांपूर्वी चिकोडीच्या सरकारी दवाखान्यात
शिपाई म्हणाला, "अकरा नंबर कोठडी, आत जा,"
तेव्हा माझे पाय तिथंच गळाले होते.

आता दर महिन्याला गोळ्या घ्यायला येते.
महादेवी मॅडम वहीतून मान वर न काढता
चार प्रश्न विचारतात.
केम्मु ऐतेन?
ज्वर?
तूक कडिमि आगेतेन?
चौथा मात्र मराठीत:
रात्री घाम येतो का गं?
बाईला रात्रीचं तिच्याच भाषेत विचारावं,
असं काही असेल त्यांच्या मनात.

मी म्हणते, इल्ल. इल्ल. इल्ल. न्हाई.

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणारी मी.
आमच्यात खोकल्याला कोण मोजतं?
मुकादम खोकतो, दिवाणजी खोकतो,
पोत्यांवर झोपणारं मांजर शिंकून शिंकून जागं होतं.
पंधरा दिवसांचा खोकला आहे का, विचारतात.
माझा तर लग्नाच्या आधीपासूनचा आहे.

पण दिवाळीनंतर त्यात दुसरंच काहीतरी मिसळलं.
भुकटीचा खोकला घशात असतो,
पाण्यानं खाली जातो.
हा बरगडीच्या आत कुठंतरी
रात्री दोनला उठून बसायचा
आणि सकाळी उशी ओली.

सत्तेचाळीस होते. पंचेचाळीस झाले. मग बेचाळीस.
जाऊ भाजी विकते. तिच्या तराजूचं एक किलोचं माप
कनवटीला बांधून काट्यावर उभी राहिले.
पुढच्या महिन्यात दोन.

कारण सांगते.
नवरा गेला तेव्हा गल्लीत सांगितलं, टीबी होता.
सासू म्हणाली, तेवढं नाव चालतं, लोक चहा पितात आपल्याकडं.
दुसरं नाव त्याच्या मागं लपवलं आम्ही,
पडद्यामागं पोरगी लपवावी तसं.
मॅडम नंतर म्हणाल्या, खोटं नव्हतं ते,
एकानं कडी काढली की दुसरं आत येतं.
मी रोजची गोळी चुकवली नाही कधी.
तरी कडी थोडी सैल राहतेच म्हणे.
म्हणून तर दर महिन्याला चार प्रश्न.
आता माझ्या घरी टीबी म्हटलं
तर गल्ली लगेच हिशेब करणार:
आधी तो, आता ही.

मंगळवारी काट्यावर चढताना गाठ सुटली.
माप फरशीवर पडलं, गोल फिरत फिरत
मॅडमच्या चपलेला जाऊन टेकलं.
पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं.
उचललं. तळहातावर तोललं.
"कुणाचं?"
"जावंचं."
"परत दे तिला. गिऱ्हाईकाला माल कमी पडंल."
आणि वहीत मागच्या दोन महिन्यांचे आकडे खोडून
खरे लिहिले, मला न विचारता.
मग हळू, मराठीतच:
"केम्मु हाय न्हवं?"
"हाय."

पहाटे चूळ भरून, आतून ओढून खोकायचं,
बाटलीत धरायचं.
आयुष्यभर तोंडावर पदर दाबला,
आज परसात उभी राहून मुद्दाम खोकले.
शेजारच्या खिडकीत दिवा लागला. लागू दे म्हटलं.
बाटली डब्याच्या पिशवीत घालून पहिली एस्टी धरली.
बसच्या पाटीवर कन्नड, कंडक्टरच्या तोंडी मराठी,
पिशवी मांडीवर, लेकरासारखी.

यंत्राला दोन तास लागतात.
बाकावर शेजारी एक पोर बसलीय,
कागलकडून नव्यानं इकडं दिलेली,
मंगळसूत्राचे मणी अजून चमकतात.
आतून आवाज येतो, केम्मु ऐतेन?
ती माझ्याकडं बघते.
"काय म्हणत्यात मावशी?"
"केम्मु म्हणजे खोकला. असला तर ऐति म्हण."
तिनं ओठांवर शब्द फिरवून बघितला.
ऐति. ऐति.
मग विचारलं, "तुमचं काय आलं?"
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हटलं,
अजून दीड तास हाय.